खंजिरी घ्यायची असेल तर: सात वर्षं वाजवून, शेकून, दुरुस्त करून लिहिते आहे

जय गुरुदेव. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात एका लहान गावात राहते. अंगणवाडीत मदतनीस आहे. 2018 साली मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात, रस्त्याकडेच्या एका दुकानातून आम्ही खंजिरी घेतली. आठ इंची, बकरीचं कातडं, पितळी झांजा. तेव्हा 650 रुपये पडले. हल्ली आमच्या महिला मंडळातल्या बाया सारख्या विचारतात, "कोणती घ्यावं वो ताई, फायबरची का कातड्याची?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला ते पुढे येईल. पण ही खंजिरी आमच्या घरात हौसेनं आलेली नाही, आणि ती कशी आली ते सांगितल्याशिवाय तिच्याबद्दल लिहिलेलं मला अपुरं वाटेल.

2017 चं साल आमच्या जिल्ह्यात कोणी विसरत नाही. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा मारायचा तर नळी वर धरावी लागे, आणि वर मारलेलं सगळं अंगावर उतरे. वारा नाही, उकाडा असा की तोंडाला फडकं बांधवत नव्हतं. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळायची सवय सगळ्यांनाच लागलेली. आमचं वावर तीन एकर. आमच्या ह्यांनी तीन दिवस स्वतःचं फवारलं आणि चौथ्या दिवशी रोजानं दुसऱ्याच्या वावरात गेले. सांजच्याला घरी आले ते दाराला धरूनच उभे. म्हणाले, "अवं, डोयापुढं सारं धुरकट दिसून राहिलं." मी चहा दिला. तो पोटात राहिला नाही. तोंडातून लाळ, अंगाला घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गावातल्या एकाच्या गाडीत घालून रात्रीच यवतमाळला नेलं.

वॉर्डात एका ओळीत फवारणीचेच पेशंट होते. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. आम्ही सतरा दिवस होतो. विष उतरवायला अट्रोपिनची इंजेक्शनं चालू होती, त्या गुंगीत माणूस बडबडतो, नळ्या ओढतो, म्हणून यांचे हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. पाचव्या रात्री सिस्टरनं उजवा हात सोडला. मी खाली सतरंजीवर पडले होते. मध्यरात्री टिकटिक ऐकू आली. उठून पाहिलं तर जेवणाचा डबा उशाशी होता आणि यांची बोटं त्याच्या झाकणावर चालत होती. बोटं थरथरत होती, चुकत होती, पण परत पहिल्या ठोक्यावर येत होती. मला तो ठेका ओळखीचा होता. लग्न होऊन आल्यापासून रोज सांजच्या प्रार्थनेनंतरच्या भजनात मी तो ऐकत आले आहे. डोळे मिटलेले होते, मला ओळखतही नव्हते, आणि बोटांना भजन आठवत होतं.

यांच्या घरात खंजिरी तीन पिढ्यांची. माझे सासरे लहानपणी महाराजांच्या भजनाला बसले होते, ते फार अभिमानानं सांगायचे. तुकडोजी महाराज 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मले, 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. राजेंद्रबाबूंनी, म्हणजे देशाचे पहिले राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी, त्यांना राष्ट्रसंत म्हटलं, 1955 साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. सासरे म्हणायचे, "एवढा मोठा माणूस, पण हाती काय? खंजिरी. जे गरिबाच्या घरी राहू शकते, थेच त्यानं धरलं." सासऱ्यांची खंजिरी जुनी, घोरपडीच्या कातड्याची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं, आता तसं कातडं कोणी लावू नये. ती भिंतीवर खिळ्याला टांगलेली असे. आम्ही दवाखान्यात असताना घर बंद होतं, कवेलूतून पाणी गळलं, आणि परत आलो तर कातडं कुजून मधोमध फाटलेलं.

यांचा जीव वाचला. डावा हात मात्र थरथरत राहिला आणि डोळ्यांना सांजेनंतर कमी दिसायचं. त्यात दिवाळीनंतर बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. तीन एकरात चार क्विंटल कापूस झाला, तोही निम्मा कवडी, म्हणजे किडका.

त्या दिवसांत मी देवापुढचा दिवा बंद केला. घरात तेल होतं, वात होती, पण हात जात नव्हता. मुलगी लावायची, मी स्वयंपाकघरातून बघायचीही नाही. लोक घरी येऊन म्हणत, "देवानं वाचवलं वो तुमच्या मालकाले." मला ते ऐकवत नसे. कारण आमच्याच गावातला एक पोरगा, आमच्यापासून दोन पलंग सोडून, सातव्या दिवशी गेला. चोवीस वर्षांचा. त्याची आई माझ्यापेक्षा जास्त देवाची. एकादशी सोडत नाही, वारीला जाऊन आलेली. यांना देवानं वाचवलं म्हणायचं तर तिच्या पोराचं काय म्हणायचं? तिच्या तोंडावर मी कोणत्या जिभेनं म्हणू की आम्हाला देव पावला? हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. विष डॉक्टरांनी उतरवलं, हे मी जाणते आणि तसंच सांगते.

आता खंजिरीकडे येते.

डॉक्टरांनी हाताला काहीतरी काम देत राहा म्हटलं होतं. मुलीनं मोबाईलवरून एक खंजिरी मागवली, 349 रुपयांची, प्लास्टिकची कड आणि पांढरं फायबर. कुठून ते लिहीत नाही. दिसायला फार सुंदर, लालभडक. तिसऱ्या दिवशी एका झांजेचा खिळा निघाला, आठवड्यात तीन जोड्या हातात आल्या. कड प्लास्टिकची असल्यामुळे खिळा परत बसतच नाही, भोक मोठं होत जातं. यांनी ती बाजूला ठेवली आणि जे म्हणाले ते मी खरेदी करणाऱ्या सगळ्यांना सांगते: "हे कानात वाजते, छातीत वाजत नाई."

वजनाचाही फरक मोठा. अंगणवाडीत लेकरांची वजनं करायचा काटा आहे, त्यावर मी दोन्ही ठेवून पाहिल्या. प्लास्टिकची 260 ग्रॅम, मोझरीची 410. हलकी बरी असं वाटेल, पण ज्याचा हात थरथरतो त्याला थोडं वजन लागतं. हलकी वस्तू हातात नाचते, जड वस्तू हाताला धरून ठेवते. निरोगी हाताला, लहान मुलाला सहा इंची घ्या, ती तीनशे ग्रॅमच्या आत येते.

मोझरीला आम्ही 2018 च्या ऑक्टोबरात गेलो, कोजागिरीनंतरच्या पंचमीला, म्हणजे आश्विन वद्य पंचमीला. महाराजांची पुण्यतिथी. मंडळानं मेटॅडोर केली होती. मी यांना सांभाळायला म्हणून गेले, श्रद्धेनं नाही, हे खरं सांगते. वाटेवर दुतर्फा दुकानं. भगव्या टोप्या, टाळ, फोटो, चिवडा, बांगड्या. खंजिरीची दुकानं चार-पाच तरी होती. ज्या दुकानात घेतली त्याचं नाव देत नाही. म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा मुलगा बसतात.

तिथं मला आवडलं ते हे की म्हाताऱ्यांनी आधी यांचा हात पाहिला. काही विचारलं नाही. चार खंजिऱ्या एकामागून एक यांच्या डाव्या हातात दिल्या आणि प्रत्येक वेळी नुसतं बघत राहिले. चौथीला म्हणाले, "ही ठेवा भाऊ, हिची कड जाड हाय, अंगठ्याले बसते." नंतर मला सांगितलं की कड शिवणाच्या लाकडाची आहे, शिवण हलकं असतं आणि सहजी तडकत नाही. कातडं उजेडात धरून दाखवलं. असं तुम्हीही धरून बघा. उजेडात कातडं सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे, कुठे पातळ डाग असला तर तिथूनच फाटतं. झांजा पितळीच घ्या. पत्र्याच्या झांजा नवीन असताना जास्त खणखणतात, वर्षभरात गंजतात.

मला न आवडलेलं: पावती दिली नाही, पिशवी दिली नाही, आणि 650 वरून एक रुपया खाली आले नाहीत. शिवाय पावसाळ्यात काय होतं ते आधी सांगितलं नाही. तोच अर्धा गुण मी कापला आहे.

खंजिरी घेऊन आम्ही मैदानात जाऊन बसलो. 11 ऑक्टोबर 1968 ला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथीच्या दिवशी त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली असते. नजर पोचेल तिथवर माणसं, भगव्या टोप्या, बायांचे पदर, कडेवर लेकरं. आणि ते मिनिट आलं की सगळं थांबतं. एवढ्या माणसांतून आवाज जातो तेव्हा अंगावर काटा येतो.

त्या शांततेत मला झांजांची किणकिण ऐकू आली. यांच्या मांडीवर खंजिरी होती, डावा हात तिच्यावर, हात थरथरत होता आणि नव्या झांजा वाजत होत्या. फार बारीक आवाज. पण त्या शांततेत मला तो मैदानभर जातोय असं वाटलं. यांनी खंजिरी छातीशी दाबली तर आणखी वाजली. चेहरा लाल झाला. मान खाली. पलीकडे एक अनोळखी म्हातारेबुवा बसले होते, धोतर, टोपी, हाताला शेतातल्या भेगा. त्यांनी डोळे उघडलेही नाहीत. आपला हात सरकवला आणि यांच्या हातावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. किणकिण थांबली. मौन संपेपर्यंत तो हात तिथेच होता. संपल्यावर ते "जय गुरुदेव" म्हणाले आणि गर्दीत उठून गेले. आम्ही त्यांचं गावही विचारलं नाही.

त्या हाताकडे बघत मी रडले. वर्षभर मी देवाला एकच विचारत होते, काहून? त्याचं उत्तर मला मोझरीला मिळालं नाही. पण मी ज्याला विचारते आहे तो ऐकतो आहे, असं तिथं पहिल्यांदा वाटलं. त्याआधी मला वाटायचं की मी रिकाम्या घराचं दार वाजवते आहे.

आमच्या गावातलं प्रार्थना मंदिर म्हणजे टिनाची एक खोली. आत मूर्ती नाही. अधिष्ठान असतं, स्वच्छ चादर घातलेली रिकामी गादी, पुढे उदबत्ती. पूर्वी मला ती रिकामी गादी कशीतरीच वाटायची. मोझरीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी तिथे जाऊन बसले, वर्षानं. त्या गादीसमोर बसून मनात जे जे होतं ते सगळं बोलले, शिव्याही दिल्या. मूर्ती असती तर मला तिच्या चेहऱ्याचं भय वाटलं असतं. रिकाम्या गादीला काही सांगता येतं. थोड्या वेळानं माझ्या शेजारी त्या पोराची आई येऊन बसली. दोघी बोललो नाही. प्रार्थना झाली, यांनी नवी खंजिरी वाजवली. ठेका चुकत होता. ती पोराची आई टाळ्या देत होती, चुकलेल्या ठेक्यालाच धरून. तिच्याकडून मी जे शिकले ते कोणत्या कीर्तनात ऐकलं नाही: तिला उत्तर मिळालेलं नाही, तरी ती रोज येते, आणि खोटं काही बोलत नाही. मला वाटतं विश्वास म्हणतात तो हाच. घरी आल्यावर दिवा मी लावला.

आता वापराबद्दल, कारण कातड्याची घेतली तर हे माहीत पाहिजेच.

पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं आणि आवाज भाकरी थापल्यासारखा येतो. पहिल्या आषाढात आम्हाला वाटलं फसलो. मग मंडळातल्या जुन्या माणसांनी शेकायला शिकवलं. चुलीतला जाळ ओढून घ्यायचा, नुसत्या निखाऱ्यावर वीतभर उंच धरायची, कातडं खाली, आणि सारखी फिरवत राहायची. दोन-तीन मिनिटं. बोटानं टिचकी मारत जायचं, आवाज चढला की थांबायचं. गॅसवर अजिबात धरू नका, ज्योत एका जागी लागते आणि कातडं करपतं. झड लागलेली असेल तर शेकलेली खंजिरी अर्ध्या तासात परत उतरते, म्हणून आम्ही प्रार्थना मंदिराच्या दाराशी टोपल्यात निखारे ठेवतो. सुती फडक्यात गुंडाळून धान्याच्या कोठीवर ठेवली तर ओल कमी लागते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत घाम धरतो.

उन्हाळ्यात उलटं. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या घरात पारा जातो, कातडं इतकं ताणतं की आवाज चिरका होतो आणि जोरानं मारलं तर फाटू शकतं. तेव्हा बोटाला पाणी लावून आतल्या बाजूनं, कडेकडेनं हलकं पुसायचं. दोन थेंब पुरे. टिनाच्या भिंतीला टांगायची नाही.

2021 मध्ये एका झांजेचा खिळा झिजून तुटला. गावातल्या सायकलवाल्यानं जुन्या चाकाची तार कापून घातली, वीस रुपये घेतले, आजवर टिकून आहे. लाकडाची कड असल्याचा हा फायदा. 2022 च्या पुण्यतिथीला कातडं बदलून आणलं, त्याच दुकानात, 250 रुपये. म्हातारे नव्हते, मुलगा होता. त्यानं कातडं लावताना यांना पुन्हा हातात धरून बघायला लावलं, बापासारखंच.

फायबरची कोणी घ्यावी? ज्यांचं मंडळ पावसाळ्यात गावोगाव फिरतं, माइकवर गातं, ज्यांना शेकत बसायला वेळ नाही, त्यांनी घ्यावी, पण लाकडी कडेची. ती हल्ली मिळते. घरी, सांजच्याला, माइकशिवाय दहा-पंधरा माणसांत बसून म्हणायचं असेल तर कातड्याचीच. शेकायची कटकट आहे खरी, पण ते करता करता माणूस भजनाच्या आधी दहा मिनिटं जागेवर बसतो. मला ती दहा मिनिटं आवडायला लागली आहेत. निखाऱ्याकडे बघत दिवसाचं सगळं खाली बसतं.

यांचा हात पूर्ण बरा झाला असं कोणी समजू नका. खंजिरीनं आजार जात नाही, औषध सोडू नका. डावा अंगठा अजून थरथरतो, आणि भजन सुरू व्हायच्या आधी हे खंजिरी हातात घेऊन बसले की झांजा आपोआप बारीक वाजत असतात. गावातली लेकरं तो आवाज ओळखतात. "आजोबा बसले, चला" म्हणत पळत येतात.

2022 ला आम्ही सासऱ्यांची जुनी कडही सोबत नेली होती, नुसतं लाकूड आणि पाच जोड्या झांजा. त्यावर बकरीचं कातडं चढवून घेतलं. लाकडाला अजून त्यांच्या अंगठ्याचा गुळगुळीत खड्डा आहे. ती मी वाजवते. गुरुवारी बायांची प्रार्थना असते, त्या पोराची आई भजन म्हणते, मी ठेका धरते. चुकला तर ती थांबत नाही, मलाच गाठावं लागतं.